रक्तातील साखर उतरणे : समज आणि वस्तुस्थिती

चक्कर आली किंवा हातपाय थरथरले की ‘शुगर लो झाली’ असे निदान घरच्या घरीच केले जाते. परंतु रक्तदाब उतरल्यानेही अशीच लक्षणे दिसत असल्याने वैद्यकशास्त्र ‘व्हिपलची त्रयी’ हा निकष लावते, म्हणजे लक्षणे असणे, त्याच वेळी रक्तातील ग्लुकोज प्रत्यक्ष मोजून कमी आढळणे आणि ते वाढताच लक्षणे ओसरणे. मधुमेहींसाठी दर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खालचे प्रमाण हा इशारा मानला जातो.

उपवासाने साखर उतरते, हा समजही अर्धाच खरा आहे. निरोगी माणसाचे यकृत ग्लायकोजेन या साठवणीतून आणि पुढे प्रथिनांच्या घटकांपासून ग्लुकोज पुरवत राहते, त्यामुळे एकादशीचा उपवास त्याला सहसा बाधत नाही. मात्र ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवायला लावते. म्हणून ती किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांकडून मात्रा ठरवून न घेता उपवास धरणे धोक्याचे ठरते.

सर्वाधिक घोळ उपचारात होतो. कोणताही गोड पदार्थ चालतो असे मानून पेढा किंवा चॉकलेट दिले जाते, पण त्यांतील स्निग्धांशामुळे जठर उशिरा रिकामे होते आणि नेमक्या निकडीच्या वेळी साखर रक्तात पोचायला विलंब लागतो. त्याऐवजी सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, प्रमाण अजूनही कमी असल्यास तेवढीच मात्रा परत द्यावी आणि पुढचे जेवण लांब असेल तर नंतर पोळी-भाजी खावी. अकार्बोज वा व्होग्लिबोज घेणाऱ्यांत साध्या साखरेचे विघटनच मंदावते, त्यांना ग्लुकोजची पूडच लागते. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

मधुमेह नसताना काहींना जेवणानंतर चार तासांच्या आत असा त्रास होतो, विशेषतः जठरावरील शस्त्रक्रियेनंतर. तेथे वरचेवर गोड खाणे हा उपाय नसून उलट तेच कारण ठरू शकते. थोडेथोडे खाणे आणि डाळी, उसळी, अंडी यांचे प्रमाण वाढवणे अधिक उपयोगी पडते.

मद्य साखर वाढवते, हीही एक ठाम समजूत आहे. वस्तुतः उपाशीपोटी घेतलेले मद्य यकृताची नवे ग्लुकोज बनवण्याची क्रिया रोखते, आणि अडखळते बोलणे व तोल जाणे ही लक्षणे नशेचीच समजली गेल्याने अशा रुग्णाची साखर मोजण्याचे कोणाला सुचतही नाही.