जाळे आणि आपण – भाग ६ : सायंकाळी सहा ते रात्री दहा

मागच्या भागात बातमी छापखान्यातून मोबाइलवर कशी येऊन पोहोचली, ते आपण पाहिले. आज ज्याच्या हातात तो मोबाइलच नाही, त्या विद्यार्थ्याविषयी.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मी वसतिगृहात राहत होते. संध्याकाळी साडेसहाला रेक्टरबाईंच्या टेबलावर एक कापडी पिशवी यायची. तिला खण शिवलेले आणि प्रत्येक खणावर शाईने खोलीचा क्रमांक. फोन बंद करून आपल्या खणात ठेवायचा, वहीत सही करायची, सकाळी सहाला परत घ्यायचा. ऑक्टोबरातल्या एका रात्री परतीच्या पावसाने थैमान घातले. दुसऱ्या दिवशीचा पेपर पुढे ढकलल्याची सूचना रात्री आठच्या सुमारास संकेतस्थळावर लागली. आम्ही मात्र तीन वाजेपर्यंत जागून अभ्यास केला आणि सकाळी फोन न घेताच गुडघाभर पाणी तुडवत केंद्रावर गेलो. फाटकावरचे शिपाईकाका म्हणाले, "पोरींनो, पेपर नाही आज. मोबाइल बघत नाही का तुम्ही?"

त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. सूचना, निकाल, शिष्यवृत्तीचा अर्ज, बातमी, सगळे जाळ्यावर. आणि जाळ्याची किल्ली दुसऱ्याच्या टेबलावर. आमच्यातल्या कुणालाही वाटले नाही की याविरुद्ध दाद मागता येते. केरळमधल्या एका मुलीला ते वाटले.

तिचे नाव फहीमा शिरीन. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ती बी.ए. इंग्रजी शिकत होती. तिच्या वसतिगृहात २०१९ साली सायंकाळी सहा ते रात्री दहा फोन जमा करण्याचा नियम आला. पदवीच्या मुलींना लॅपटॉपही वापरता येत नव्हता. फहीमाने नियम मानायला नकार दिला आणि तिला वसतिगृह सोडावे लागले. मग घरून रोज सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास करत ती वर्गात हजर राहायची. तिचे वडील तिच्या पाठीशी उभे राहिले आणि प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेले.

१९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला. इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि हे दोन्ही हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतात, असे न्यायालयाने म्हटले. हा नियम पालकांच्या मागणीवरून केला, असे महाविद्यालयाचे म्हणणे होते. त्यावर न्यायालयाने आठवण करून दिली की महाविद्यालयीन वसतिगृहातल्या मुली सज्ञान आहेत. केव्हा आणि कसा अभ्यास करायचा, हे त्यांना ठरवता येते. शिस्त हवीच, पण ज्ञानाची वाट अडवणारी शिस्त चालणार नाही. फहीमाला वसतिगृहात परत घेण्याचा आदेश झाला. तिच्या वापराने इतरांना त्रास होऊ नये, एवढे मात्र बजावले गेले. मला हे फार न्याय्य वाटते. हक्क दिला आणि शेजारच्या खाटेवरच्या मुलीची झोपही राखली.

आता दुसरी विद्यार्थिनी, आणि आपल्या अगदी जवळची घटना. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या 'लाइक' केल्या आणि दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ खाली 'त्रासदायक' किंवा 'गैरसोय' करणाऱ्या मजकुरासाठीही तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत होता. त्रास कुणाला, गैरसोय किती, याची व्याख्या कायद्यात नव्हती. ही बातमी वाचून दिल्लीच्या एकवीस वर्षांच्या श्रेया सिंघल हिने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पुढे याचिका चालू असताना ती कायदा शिकली. २४ मार्च २०१५ रोजी हे कलम संपूर्ण रद्द झाले.

त्या निकालातली एक फोड प्रत्येक लिहित्या विद्यार्थ्याने पाठ करावी अशी आहे. एखाद्या विषयाची चर्चा करणे वेगळे, त्याचा हिरिरीने पुरस्कार करणे वेगळे आणि चिथावणी देणे वेगळे. पहिली दोन कितीही अप्रिय असली तरी अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतात. बोलणे चिथावणीपर्यंत पोहोचले, तरच राज्य हात घालू शकते. कलम गेले, तरी पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल धक्का बसल्याचे सांगितले आणि २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट आदेश द्यावे लागले. निकाल लागला म्हणून तो चौकीपर्यंत किंवा रेक्टरच्या टेबलापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

एक मुलगी जाळ्यापर्यंत पोहोचण्यासाठी भांडली, दुसरी तिथे लिहिता यावे म्हणून. या दोन लढाया वेगळ्या नाहीत, हे काश्मीरने दाखवले. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथले इंटरनेट बंद झाले. परीक्षेचे अर्ज भरायला विद्यार्थी रेल्वेने श्रीनगरकडून बनिहालला जाऊ लागले, कारण तिथे जोडणी मिळत होती. 'काश्मीर टाइम्स'च्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इंटरनेटवरून मत मांडणे आणि व्यवसाय करणे यांना घटनेचे संरक्षण आहे, बेमुदत बंदी घालता येत नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. इंटरनेट मिळणे हाच मूलभूत हक्क आहे का, यावर मात्र न्यायालयाने मत दिले नाही. तसा युक्तिवादच झाला नव्हता. त्याच महिन्यात टूजी सेवा परतली ती मंजूर संकेतस्थळांच्या यादीपुरती, आणि समाजमाध्यमे त्या यादीत नव्हती. थोडे वाचायला मिळाले, लिहायला नाही. काय वाचायचे हे ज्याच्या हाती, कुणी बोलायचे हेही त्याच्याच हाती राहते.

आई-वडिलांची काळजी खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. रात्रभर रील सरकवत बसलेल्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत, मीही त्यात बसले आहे. पण त्यावर औषध पिशवीत नाही. बातमी पुढे पाठवण्याआधी तिची तारीख पाहणे, मूळ कुणी दिली ते शोधणे, फोटो जुना तर नाही ना हे तपासणे, स्वतःच्या नावाने लिहिणे आणि चुकले तर त्याच ठिकाणी दुरुस्त करणे: या सवयी फोन हातात असतानाच लागतात. पोहायला शिकायचे तर पाण्यातच उतरावे लागते.

फोन हातात असूनही वाट अडते, हेही विसरून चालणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत रेंज मिळावी म्हणून सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीने डोंगरावर झोपडी बांधून ऑनलाइन तासांना हजेरी लावली. तिचे कौतुक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण कौतुकाच्या आधी मला त्या डोंगराच्या पायथ्याशी टॉवर हवा होता.

तुमच्या वसतिगृहात असा नियम असेल, तर भांडण काढू नका. नियम लेखी मागा. तो कुणी, कधी, कशासाठी केला ते विचारा. मुलांच्या वसतिगृहाला तोच नियम आहे का, पाहा. मग चौघीजणी मिळून एक साधा अर्ज लिहा आणि त्याला केरळच्या निकालाची प्रत जोडा. आम्ही असा अर्ज कधी लिहिला नाही. त्या सकाळी ओल्या चपलांनी परत आलो, वहीत सही करून आपापला फोन घेतला आणि सुरू केला. पेपर पुढे गेल्याची सूचना वर येऊन थांबली होती, वेळ रात्री ८ वाजून ४ मिनिटे.

(पुढील भागात : इंटरनेट बंद करण्याचा आदेश कोण काढतो आणि त्याला कुठे हरकत घेता येते?)