संकरात मरणारा गहू

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गव्हावरचं मोठं काम चालतं नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला. त्र्यंबक, तपोवन हे वाण तिथलेच. नवा वाण घडवायचा तर एका ओंबीतल्या फुलांचे पुंकेसर चिमट्याने काढायचे, ओंबीवर पिशवी चढवायची आणि मग दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर सोडायचे. इतक्या निगुतीनं मिळालेलं बी चांगलं उगवतं. पण काही जोड्यांत पुढे एकूण एक रोप करपू लागतं. आधी खालच्या पानाचं टोक पिवळं पडतं, पिवळेपणा बुडाकडे उतरतो, मग वरच्या पानाची पाळी. काही रोपं ओंबी पडण्याआधीच मरतात. कीड नाही, बुरशी नाही, पाण्याचा ताणही नाही.

दोष दोन जनुकांच्या गाठीचा. एनई1 आणि एनई2 एकेकटे निरुपद्रवी. आईकडून एक आणि बापाकडून दुसरा आला की रोपाच्या पेशी आपणहून मरू लागतात. कॉल्डवेल आणि कॉम्प्टन यांनी अशा पूरक घातक जनुकांची नोंद 1943 मध्ये केली.

पेशींचं हे मरण एरवी गव्हाला वाचवतं. निलगिरीच्या डोंगरांतून तांबेरा या बुरशीचे बीजाणू वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येतात. तांबेरा जिवंत पेशींवरच पोसतो. म्हणून प्रतिकारक्षम वाणात जिथे त्याचा शिरकाव होतो, तिथल्या मोजक्या पेशी मरतात आणि त्याची उपासमार होते. संकरात मात्र शत्रू नसतानाच हा बचाव सुरू होतो आणि थांबत नाही. 2021 मध्ये तर उलगडलं की एनई2 म्हणजेच एलआर13, पानावरच्या तांबेऱ्याला रोखणारा, पैदासकारांनी जगभर मुद्दाम वापरलेला जनुक!

आपल्याकडे ही अडचण नेमकी हव्या त्या जोडीत आली. मेक्सिकन वंशाचा बुटका कल्याणसोना आणि शरबती म्हणून नावाजलेला उंच सी-306 यांचा संकर करपतो. त्याच्या पानांत सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा दाहक अवतार साचतो, असं दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी 1998 मध्ये दाखवलं.

तरी वाट बंद होत नाही. या जनुकांची सौम्य रूपंही आहेत. तशी जोडी असेल तर रोप करपत का होईना, दाणे धरतं. पुढच्या पिढीत सोळांपैकी साधारण सात रोपं निरोगी निघतात आणि निवड तिथून सुरू होते. जोडी तीव्र असेल तर दोन्ही जनुक नसलेला तिसरा वाण मध्ये घ्यावा लागतो.