माणदेशातील यात्रांचे दोन हंगाम

सातारा, सांगली व सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकमेकींस भिडतात, तो माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या तालुक्यांचा मुलूख माणदेश म्हणून ओळखला जातो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या या भागात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बहुधा परतीचा. साहजिकच येथील मुख्य पीक रब्बीची ज्वारी होय. या पिकाच्या वेळापत्रकाशी येथील देवांचे वेळापत्रक किती काटेकोरपणे जुळलेले आहे, हे पाहिले म्हणजे यात्रा ही केवळ श्रद्धेची बाब नसून ती गावाच्या व्यवहाराचाही एक भाग आहे, याची खात्री पटते.

फाल्गुनात ज्वारीची काढणी व मळणी होते. धान्य घरात येते, रान मोकळे होते आणि पावसाळ्यापर्यंत शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत मिळते. चैत्र-वैशाखातील यात्रांचा हंगाम तो हाच. पुढे आश्विनात बाजरी निघते, रब्बीची पेरणी उरकते आणि कार्तिकात दुसरा हंगाम सुरू होतो. एक यात्रा सुगी झाल्यानंतरची, तर दुसरी पेरणी झाल्यानंतरची.

चैत्रातील पाणी

उन्हाळी यात्रांमध्ये मान शिखर शिंगणापूरचा. माण तालुक्यातील या डोंगरावर शंभू महादेवाचा विवाहसोहळा चैत्र शुद्ध अष्टमीस होतो. त्या वेळी महादेवाच्या शिखरापासून बळीच्या मंदिराच्या शिखरापर्यंत पागोट्याचे लांब वस्त्र बांधले जाते. द्वादशीस कावडी येतात. सासवडच्या भुतोजी तेली यांची मानाची कावड फलटणच्या बाजूने मुंगी घाटाचा उभा कडा चढते, तेव्हा एकाने दुसऱ्याचा हात धरून माणसांची साखळीच तयार झालेली असते. कावडीत असते ते पाणी. ज्या डोंगरावर पाणी नाही, त्या डोंगरावरच्या देवाला नदीचे पाणी खांद्यावरून नेऊन घालावयाचे, हा या यात्रेचा गाभा आहे.

शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी शिंगणापूर येथे यात्रेकरूंसाठी मोठा तलाव बांधविला. यात्रेच्या जागी प्रथम पाण्याची सोय करावयाची, हे सूत्र सुमारे चारशे वर्षांपूर्वी येथे कृतीत आणले गेले होते, ही गोष्ट आजच्या ग्रामपंचायतींनी अवश्य लक्षात घ्यावी. चैत्र-वैशाख म्हणजे विहिरींचे तळ दिसू लागण्याचे दिवस. नेमक्या याच दिवसांत गावाची वस्ती एक-दोन दिवसांकरिता कित्येक पटींनी वाढते. टेंभू, उरमोडी यांसारख्या उपसा सिंचन योजनांचे पाणी आता माणदेशाच्या बऱ्याच भागात पोचले आहे, तरीही यात्रेच्या दिवशी लागणारे पिण्याचे पाणी कालव्यातून आपोआप मिळत नाही. टँकरची मागणी आधी नोंदवावी लागते. जलसुरक्षकाने विहिरीत व टाकीत ब्लिचिंग पावडर टाकल्यानंतर किमान अर्धा तास ते पाणी वापरावयाचे नसते. यात्रेच्या धांदलीत नेमका हाच अर्धा तास विसरला जातो. पालखीच्या मिरवणुकीपेक्षा ही बाब क्षुल्लक वाटते खरी, परंतु यात्रेनंतर गावात अतिसाराची साथ आली म्हणजे तिचे महत्त्व सर्वांना समजते.

माणसे आणि जनावरे

माणदेशी माणूस पोटासाठी दूर जातो. खानापूर-आटपाडीकडील सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारी कुटुंबे भारतातील अनेक शहरांत पसरली आहेत. ऊसतोडीला गेलेली मंडळी चैत्राच्या सुमारास परततात, मुंबईकर चाकरमानी रजा काढून येतो. गणपतीला एक वेळ घरी येता आले नाही तरी चालेल, गावच्या यात्रेला मात्र आलेच पाहिजे, असा दंडक आहे. वर्गणीची पट्टी, देवळाचा जीर्णोद्धार, शाळेच्या खोलीस देणगी, सोयरिकी, भाऊबंदकीतील वाटण्या, हे सारे याच दोन दिवसांत बोलले जाते. पहिल्या दिवशी पालखी व रात्री छबिना, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड; त्यात रेवड्यांवर खेळणाऱ्या पोरांपासून इनामाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत सर्वांना स्थान असते. रात्री तमाशा.

आटपाडी तालुक्यातील खरसुंडी येथे श्रीसिद्धनाथाच्या चैत्रयात्रेत खिल्लार जनावरांचा मोठा बाजार भरतो. पावसाळी नांगरटीपूर्वी बैलजोडी बदलावयाची असेल तर चैत्र हाच योग्य काळ, हे त्यामागचे कारण. ट्रॅक्टर आल्यानंतर शेतीकामासाठी बैलांची गरज घटली आणि खिल्लार जातीची जोपासना उत्तरोत्तर शर्यतीच्या हौसेवर अवलंबून राहिली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती बंद झाल्या, तेव्हा त्याचा परिणाम बाजारावरही झाला. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना सशर्त अनुमती दिली व मे २०२३ मध्ये घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून शर्यत भरविता येत नाही, आणि चाबूक, पराणी किंवा विजेचा धक्का देणारे साधन वापरणे हा गुन्हा आहे. शर्यत टिकावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच या अटींचा पहारा करावयास हवा. एका गावाने केलेल्या क्रौर्याची किंमत सगळ्या मुलखाला मोजावी लागते.

जनावरांच्या बाजारास दुसरा धोका रोगाचा. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगामुळे राज्यात गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. त्यापूर्वी २०२० व २०२१ या दोन वर्षी कोविडमुळे चैत्रयात्रा झाल्या नव्हत्या.

कार्तिकातील गर्दी

शरदातील यात्रांचे स्वरूप निराळे आहे. पावसाळाभर घरी असलेला माणदेशी धनगर मेंढरे घेऊन कोकणाकडे निघण्याच्या बेतात असतो. त्याच्या दैवतांचे मोठे मेळे याच सुमारास भरतात. दसऱ्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली येथे विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याची उधळण होते आणि फरांडे बाबा पाऊसपाण्याची भाकणूक सांगतात. भाकणुकीवर कोणी किती विश्वास ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र ती ऐकण्यासाठी माणदेशातूनही माणसे जातात. गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या दैवतांचा शोध घेण्यात आयुष्याचा मोठा भाग वेचला. आटपाडीत उत्तरेश्वराची यात्रा कार्तिकी पौर्णिमेस भरते व तिच्यात शेळ्यामेंढ्यांची मोठी उलाढाल होते. म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा विवाह तुळशीच्या लग्नाच्या सुमारास होतो आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस रथ निघतो. ही यात्रा माण नदीच्या पात्रात पसरते. परतीच्या पावसाने पात्रात पाणी असेल तर दुकाने, पाळणे व रथाचा मार्ग यांसाठी पर्यायी जागा आधीच आखून ठेवावी लागते.

गर्दीचा विचार करताना याच सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीची आठवण टाळता येत नाही. २५ जानेवारी २००५ रोजी काळुबाईच्या यात्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत व आगीत २९० हून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. अरुंद चढाची वाट, तिच्या दोन्ही बाजूंस दाटलेली दुकाने, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि दुकानांतील गॅसच्या टाक्या, ही सारी कारणे यात्रेपूर्वी डोळ्यांना दिसू शकणारी होती. लहान गावच्या यात्रेतही देवळाकडे जाणारी वाट अशीच असते. दुकानांच्या जागा खडूने आखून देणे, जाण्याची व येण्याची वाट वेगळी ठेवणे, नारळ फोडण्याची जागा पायऱ्यांपासून दूर नेणे, यांस फारसा पैसा लागत नाही. दुकानदाराचा रोष पत्करण्याची तयारी मात्र लागते, आणि सरपंच व ग्रामसेवकाची अडचण बहुधा तेथेच असते.

पैशाचे साधन कायद्याने दिलेले आहे. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ अन्वये पंचायतीस यात्रेकरूंवर तसेच जत्रा, उत्सव व करमणुकीवर कर बसविता येतो. कित्येक गावांत हा कर बसविला जात नाही. उलट सगळा खर्च उत्सव समितीच्या वर्गणीतून होतो आणि त्यात पाणी, शौचालये व सफाई यांचा वाटा शेवटी राहतो. चैत्रयात्रांच्या पाठोपाठ १ मेची ग्रामसभा येते. परगावची मंडळी तोवर परतलेली असतात, म्हणून यात्रेचा जमाखर्च त्यांच्यासमोर, देवळाच्या पारावर, यात्रा उठण्यापूर्वीच वाचून दाखविणे अधिक बरे. त्याच बैठकीत पुढील वर्षीच्या टँकरची व शौचालयांची तरतूद बोलून ठेवता येते.