स्पॅनिंग ट्री बंद करू नका

नेटवर्कमधला लूप ओळखायला लॅपटॉप लागतोच असं नाही. रॅकचं दार उघडलं तरी पुरतं. एरवी प्रत्येक पोर्टचा दिवा आपापल्या चालीने लुकलुकतो. लूप लागला की सगळे एका ठेक्यात, दम न घेता फडफडतात. अकोल्यात भर मे महिन्यात एका कॉलेजच्या लॅबमध्ये तेच दिसलं. लॅब सांभाळणारे भाऊ म्हणाले, ‘‘साफसफाई झाली जी. एक वायर लोंबत होती, पोट्ट्यानं लावून देली.’’ लोंबणारं टोक भिंतीतल्या पोर्टात गेलं होतं. दोन्ही टोकं एकाच स्विचवर.

एवढ्याने लॅब का बसते? आयपी पॅकेटमधला एक आकडा दर राउटरवर कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट फेकलं जातं. इथरनेटच्या फ्रेमला ही सोयच नाही. एक ब्रॉडकास्ट लूपमध्ये शिरला की फिरतच राहतो आणि दर फेरीला बाकीच्या पोर्टांवर नकला सोडतो.

वायर काढताच लॅब सुरू झाली. पण स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री होतं, मग त्याने लूप का थांबवला नाही? सेटिंग उघडलं तर ते कोणीतरी बंदच करून ठेवलेलं. कारणही ओळखीचं. जुन्या पद्धतीत पोर्ट 15 सेकंद ऐकतो, 15 सेकंद शिकतो, मग उघडतो. तेवढ्यात पीसी पत्ता मागून थकतो, 169.254चा पत्ता स्वतःच घेतो आणि ‘नेट नाही’ अशी ओरड होते. त्यावर इलाज म्हणून अख्खं संरक्षणच काढून टाकतात, याचा मला राग येतो. पीसीचा पोर्ट ‘एज’ केला, म्हणजे वाट न पाहता लगेच उघडणारा केला, की काम भागतं.

रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत स्पॅनिंग ट्रीची पद्धत रचली. एक स्विच रूट ठरतो. बाकीचे त्याच्याकडे जाणारी सगळ्यात स्वस्त वाट उघडी ठेवतात आणि जास्तीच्या वाटा रोखून धरतात. रोखलेली वाट वाया जात नाही. अमरावतीत रस्ता खोदताना जेसीबीने एक फायबर तोडली, की दुसरी याच हिशोबाने उघडते.

रूट मात्र आपण ठरवावा. ज्याच्या प्रायॉरिटीचा आकडा सगळ्यात लहान, तो स्विच रूट. ती सगळीकडे 32768च राहिली, तर ज्याचा मॅक पत्ता लहान तो रूट होतो, आणि तो बरेचदा जिन्याखालचा सगळ्यात जुना स्विच असतो. मी मुख्य स्विचला 4096 दिलं, त्याच्या जोडीदाराला 8192. रॅपिड स्पॅनिंग ट्री चालू केलं, पीसीचे पोर्ट एज केले आणि त्यांवर बीपीडीयू गार्ड लावला.

मग तीच वायर मुद्दाम पुन्हा लावली. स्विचचाच बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा निरोप, फिरून त्याच्याकडे आला, गार्डने पोर्ट बंद केला, लॅब चालू राहिली. लॉगमध्ये पोर्टचा नंबर आला. तो भाऊंनी भिंतीवरच्या पोर्टाजवळ मार्करने लिहून घेतला.