आपलं लेकरू गुणाचं!

माहूरगडावर ज्या रेणुकामातेपुढे माणसे ओटी घेऊन उभी राहतात, ती कथेप्रमाणे मूळची राजाची लेक. जमदग्नी ऋषींशी लग्न झाले आणि राजवाडा मागे ठेवून ती आश्रमात आली, नदीवरून पाणी आणू लागली. राजेपण सोडल्याबद्दल कुणी तिला बोल लावल्याचे मी ऐकलेले नाही. लेकीने नवऱ्याचे घर गाठायचे, ही रीतच! राजपुत्राने लग्नानंतर घर सोडले, की मात्र गावोगाव पंचायत बसते.

८ जानेवारी २०२० रोजी इंग्लंडचे हॅरी आणि मेगन यांनी राजघराण्याच्या जबाबदारीतून बाजूला होत असल्याचे जाहीर केले, तेव्हा अशी पंचायत आमच्या गडाच्या वाटेवरही बसली. तांबूल कुटता कुटता एका मावशींनी निकाल देऊन टाकला, ‘‘पोरगं गुणाचं होतं हो, बाईनं घर फोडलं!’’ लंडनच्या खपाऊ वृत्तपत्रांचा निकाल तरी कुठे वेगळा होता? त्यांनी या प्रकरणाला ‘मेग्झिट’ म्हटले. घर सुटले हॅरीचे, नाव चिकटले मेगनचे.

आपल्या मराठी संस्थानिकांतही असे एक प्रकरण गाजले. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी ‘गोऱ्या मडमेपायी राज्य घालवलं’, असे मी लहानपणी थोरामोठ्यांच्या तोंडून ऐकत असे. तारखा वेगळेच सांगतात. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्या मोटारीत होती इंदूर दरबारातून निघून आलेली मुमताज. खुनाचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशीला सामोरे जा किंवा गादी सोडा, असा पेच इंग्रज सरकारने टाकला आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये महाराजांनी पुत्र यशवंतरावांसाठी गादी सोडली. नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी त्यांचे लग्न झाले ते मार्च १९२८ मध्ये. म्हणजे राज्य गेले, त्यानंतर दोन वर्षांनी!

त्या लग्नावर महाराष्ट्रात रान पेटले. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी नाशिकला तिला हिंदू धर्मात घेतले, ती शर्मिष्ठादेवी झाली. कुणाला यात शुद्धीचा विजय दिसला, कुणाला धर्म बुडालेला दिसला. धर्म बदलला, पण जात कोणती? ते कोडे सोडवायला धनगर समाजातल्या एका कुटुंबाने तिला आपली लेक मानले. चार मुलींची ती आई झाली. १९९५ साली ती वारली, तोवर बावला खून विस्मरणात गेला होता. ‘मडम’ मात्र लोकांच्या लक्षात राहिली.

जगाची तऱ्हाही हीच. आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये सिंहासन सोडले. त्याचा निर्णय त्याने रेडिओवरून स्वतःच्या तोंडाने सांगितला, तरी शिव्यांची धनीण झाली वॉलिस सिम्प्सन. जपानमध्ये तर सामान्य माणसाशी लग्न करणाऱ्या राजकन्येला कायद्यानेच राजघराणे सोडावे लागते. राजकन्या माको हिने ऑक्टोबर २०२१ मध्ये तेच केले. सरकारकडून मिळणारी रक्कमही तिने नाकारली. तिथे लोकांनी धारेवर धरले ते तिच्या नवऱ्याला आणि त्याच्या आईला. म्हणजे प्रश्न केवळ बाईचा नाही, बाहेरून आलेल्या माणसाचा आहे. राजघराण्यातले माणूस आपले लेकरू. ते गुणाचेच असणार. बिघडवले ते दुसऱ्याने!

या मायेत एक अपमान दडलेला असतो. हॅरी असो वा एडवर्ड, त्याला स्वतःची बुद्धी आहे, हेच आपण नाकारतो. आणि हा निकाल राजवाड्यापुरता थांबत नाही. आपल्या गावातला मुलगा वेगळे बिऱ्हाड करतो तेव्हा त्याला कारण विचारायला कोण जाते? सुनेच्या नावाने निकाल आधीच लागलेला असतो.

माहूरची कथा सांगते, की परशुरामाने आईच्या ओढीने घाई करून मागे वळून पाहिले, म्हणून रेणुकेचे केवळ मुखच भूमीवर प्रकटले. बाकीची ती जमिनीखालीच राहिली. परक्या संसाराचेही आपल्याला दिसते ते एवढेच. पुढचे आपण बोलतो ते घाईने.