घरी ससे आहेतच, त्यात हा एक? गैरसमज आणि वस्तुस्थिती

हौसेने आणलेल्या सशाचा मुलांना कंटाळा येतो, भाड्याचं घर बदलतं किंवा ससेपालनाचा जोडधंदा बंद पडतो. मग तो ससा सोडून दिला जातो. पाळीव प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. सापडलेला ससा बहुतेक वेळा ज्याच्या घरी आधीच ससे आहेत त्याच्याच दारी येतो. सोबत एक वाक्यही येतं: ‘तुमच्याकडे आहेतच की, त्यात हा एक.’ बहुतेक गैरसमजांचं मूळ या वाक्यात आहे. ससा कळपाने राहतो हे खरं, पण आपल्या जागेत कुणाला येऊ द्यायचं हे तो स्वतः ठरवतो आणि ठरवायला वेळ घेतो.

गैरसमज १: ससा तो ससाच, उसाच्या फडात सापडलेलाही चालेल.

वस्तुस्थिती: पाळीव ससा मूळचा युरोपातला, बिळं खोदून राहणारा. आपल्या माळरानावर आणि शेतात दिसणारा करडा-तपकिरी रानससा वेगळ्या जातीचा. तो बीळ करत नाही आणि पाळीव सशाशी त्याचा संकरही होत नाही. पाळीव सशाची पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात, तर रानसशाची अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच. ऊसतोडीत किंवा गवत कापताना असं पिल्लू एकटं दिसलं तरी ते पोरकं असतंच असं नाही. आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. पिल्लू जागेवरच राहू द्यावं. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. रानससा घरी ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बेकायदा आहे. पुढचं सगळं लागू आहे ते पाळीव सशालाच.

गैरसमज २: ससा धडधाकट दिसतोय, वेगळा कशाला ठेवायचा?

वस्तुस्थिती: ससा शिकार होणारा प्राणी आहे, त्यामुळे दुखणं शेवटपर्यंत लपवतो. नव्या सशाला किमान दोन आठवडे, जमलं तर महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावं. आधी घरच्या सशांचं खाणं-पाणी उरकावं, मग नव्याकडे जावं आणि नंतर साबणाने हात धुवावेत. कानात तपकिरी खपल्या, नाकावर आणि बोटांवर खरूज, सतत शिंका, पातळ लेंड्या यांवर लक्ष ठेवावं. मादी असेल तर महिनाभर थांबायला आणखी एक कारण आहे. ती गाभण असू शकते आणि सशाचा गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा असतो.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजची ये-जा गाई-म्हशींची आणि शेळ्यांची. तिथे सशांवर उपचार करणारे डॉक्टर कोण, हे आधी विचारून घ्यावं. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा फवारा सशाला विषारी ठरतो. अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविकं तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मरून जीवावर बेतू शकतं. घरात उरलेलं औषध अंदाजाने देऊ नये.

गैरसमज ३: मोठा ससा रुळत नाही, आणायचं तर पिल्लू आणावं.

वस्तुस्थिती: पिल्लू गोड असतं ते चौथ्या-सहाव्या महिन्यापर्यंत. वयात आलं की तेच पिल्लू जागेवर हक्क सांगू लागतं आणि तोवर शांत असलेल्या घरात मारामाऱ्या सुरू होतात. मोठ्या सशाचा स्वभाव आधीच कळलेला असतो. नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो, म्हणजे तीन वर्षांच्या सशापुढे अजून बराच काळ असतो.

गैरसमज ४: दोन माद्या ठेवल्या की प्रश्न मिटला, शस्त्रक्रियेची गरज नाही.

वस्तुस्थिती: पहिलं म्हणजे नर-मादी ओळखण्यात सर्रास चूक होते, त्यामुळे डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. दुसरं, माद्याही जागेसाठी कडाक्याने भांडतात. सगळ्यांत सहज जमते ती नसबंदी केलेल्या नराची आणि नसबंदी केलेल्या मादीची जोडी. नराची नसबंदी झाली तरी पुढचे चार ते सहा आठवडे त्याच्याकडून गर्भधारणा होऊ शकते, म्हणून तेवढे दिवस त्याला मादीपासून दूर ठेवावं. मादीला शस्त्रक्रियेचा आणखी एक फायदा होतो. वय वाढल्यावर सशाच्या मादीत गर्भाशयाचा कर्करोग खूप आढळतो, तो टळतो. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं, कारण त्याला उलटी होत नाही आणि रिकाम्या पोटी त्याची आतडी मंदावतात.

गैरसमज ५: एकाच पिंजऱ्यात सोडा, दोन दिवस भांडतील आणि गप्प बसतील.

वस्तुस्थिती: सशाची कातडी पातळ असते. चावा खोल जातो आणि आत घट्ट पू साचून गळू होतं. जुन्या सशांच्या पिंजऱ्यात नव्याला सोडणं म्हणजे त्याला परक्या हद्दीत ढकलणं.

आधी मधे दुहेरी जाळी ठेवून दोन पिंजरे शेजारी ठेवावेत. जाळी एकेरी असेल तर नाकं आणि बोटं चावली जातात. मग दोन्हीकडची अंथरुणं आणि लेंड्यांचे ट्रे अदलाबदल करावेत, म्हणजे वास ओळखीचा होतो. दोन्ही बाजू जाळीजवळ निवांत बसून खाऊ लागल्या की भेट घडवावी, तीही कुणाचीच हद्द नसलेल्या जागी: न्हाणीघर, गच्चीचा कोपरा, शेजाऱ्याची रिकामी खोली. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुरेत.

पाठीवर चढणं, थोडा पाठलाग, चिमूटभर केस उपटणं चालतं. कान मागे, शेपूट वर, एकमेकांभोवती गोल फिरणं दिसलं की लगेच मधे जाड टॉवेल किंवा सुपली घालावी. हात घालू नये. नर उलटा, तोंडाच्या बाजूने चढला तर त्याला खाली घ्यावं; त्या अवस्थेत त्याच्या जननेंद्रियाला गंभीर चावा बसतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि सशाला तिशीतच उष्माघाताचा धोका असतो. त्यामुळे या भेटी थंडीत ठेवाव्यात. उन्हाळ्यातच वेळ आली तर भल्या सकाळी.

गैरसमज ६: गाडीतून फिरवून आणलं की चिकटून बसतात, म्हणजे जमलं.

वस्तुस्थिती: ते भीतीने चिकटतात. भीती ओसरली की भांडण जिथे होतं तिथेच असतं, वर ताणाने पोट बिघडतं. जमल्याची खरी खूण वेगळी: एकमेकांना चाटणं, शेजारी पसरून झोपणं, एकाच ताटलीतून खाणं. हे सलग दोन-तीन दिवस दिसल्याशिवाय रात्री एकत्र सोडू नये.

गैरसमज ७: आधीची जोडी पक्की आहे, तिसऱ्याने काय बिघडणार?

वस्तुस्थिती: नव्याच्या वासाने जुनी जोडीही फुटू शकते. भेट उधळली तर जुने दोघे एकमेकांवर राग काढतात. म्हणून त्यांच्यावरही तेवढंच लक्ष हवं. कुणी एक आजारी पडून दवाखान्यात जाणार असेल तर जोडीदारालाही सोबत न्यावं. वेगळा वास घेऊन परतलेल्याला घरचे परका समजू शकतात.

गैरसमज ८: ससा पाणी पीत नाही, गाजर आणि लसूणघास दिलं की झालं.

वस्तुस्थिती: वजनाच्या दर किलोमागे सशाला रोज ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्तच. लसूणघासात कॅल्शियम फार असतं, त्यामुळे ते वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्याला चिमूटभरच. मोठ्याचं मुख्य खाणं म्हणजे मारवेल, पवना, हरळी यांसारखं वाळलेलं गवत. गाजर गोड, म्हणून क्वचितच. नवा ससा जे खात आला तेच आधी द्यावं आणि आठवडाभरात हळूहळू बदलावं. बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

सशांचं एकमेकांशी जमायला कधी दोन आठवडे लागतात, कधी तीन-चार महिने. काही ससे कधीच एका पिंजऱ्यात नांदत नाहीत. तेव्हा जाळीच्या अल्याड-पल्याड त्यांना कायमचं शेजारी ठेवावं. वास आणि सोबत तरीही मिळते. म्हणून नव्या सशाला हो म्हणण्याआधी एकच हिशेब करावा: दोन पिंजऱ्यांची जागा आणि दोन्हीकडची साफसफाई वर्षानुवर्षं जमणार आहे का? जमत असेल तर ससा जरूर आणावा.