ओळख ना पाळख, तरी गोधडी

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची ट्रंक एकदा तरी खाली येते आणि तिच्या तळाशी हमखास एक जुनी गोधडी सापडते. आजीच्या नऊवारीचा जांभळा काठ, आजोबांच्या धोतराचे मऊ अस्तर, आत्याच्या परकराचा ठिपक्यांचा तुकडा! जरा ऊन दाखवावे म्हणून आपण ती उलगडतो आणि हातातले काम तसेच राहते. घरातले धाकटे शेंडेफळ एकेका ठिगळावर बोट ठेवून विचारू लागते, “हे कुणाचं? आणि हे?” मग काय, एकेका तुकड्याबरोबर एकेक माणूस ट्रंकेतून बाहेर येते.

गोधडीचे खरे मोल हेच. ती आपल्या माणसांच्या कपड्यांतून होते आणि आपल्याच माणसांच्या अंगावर पडते. बाळंतविड्यातले दुपटे असो की सासऱ्यांची थंडीतली वाकळ असो, ही कुणासाठी हे शिवणारणीला पहिल्या टाक्यापासून ठाऊक असते.

आता अशी कल्पना करा, की चाळीस-पन्नास बायका वर्षभर जमून गोधड्या शिवताहेत, आणि त्यांतल्या कित्येक कुणाच्या अंगावर जाणार हे त्यांना ठाऊक नाही, पुढेही कधी कळायचे नाही. अशी मंडळे अमेरिकेत गावोगावी आहेत. तिथे गोधडीला म्हणतात ‘क्विल्ट’ आणि मंडळाला ‘क्विल्ट गिल्ड’. लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या आईच्या सामानात दुपटी असतातच. अशा एखाद्या मंडळात ती जाऊन बसली, तर भाषा अडेल, पण सुई अडणार नाही.

नाव वेगळे, टाका तोच

क्विल्ट म्हणजे तीन पदर. वर तुकडे जोडून केलेला नक्षीचा पदर, मध्ये कापसाचा थर आणि खाली अस्तर. तिन्ही एकत्र धरायला आपलाच धावदोरा. फरक एवढाच, की आपण आत जुनी पातळे घालतो आणि त्या बहुधा दुकानातले नवे सुती कापड चौकोन-त्रिकोण कापून जोडतात.

पण त्यांच्यातही जुनेराची गोधडी नाही असे नाही. अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या खेड्यातल्या काळ्या शेतकरी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या विटक्या विजारींच्या आणि सदऱ्यांच्या क्विल्ट केल्या. 1942 साली तिथल्या मिसूरी पेटवे या बाईचे यजमान वारले. तिने त्यांचे शेतावरचे कपडे उसवले, मुलीला मदतीला घेतले आणि गोधडी शिवली. त्यांची आठवण राहावी आणि ती पांघरून निजता यावे, एवढाच हेतू. त्याच परिसरातल्या बायकांनी 1966 मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभारली, आणि 2002 साली जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या.

‘बी’ म्हणजे गोधडी शिवण्याचा मेळा. एकोणिसाव्या शतकात तो अमेरिकन खेड्यांतला मोठाच सोहळा असे. लाकडी चौकटीवर क्विल्ट ताणायची, भोवती आठ-दहा जणींनी बसायचे, दिवसभर टाके आणि गप्पा, संध्याकाळी पुरुष मंडळी जेवायला हजर! आजची बहुतेक मंडळे मात्र अलीकडची. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या क्विल्टांचे प्रदर्शन भरले, 1976 मध्ये स्वातंत्र्याची दोनशे वर्षे साजरी झाली, आणि आजीच्या पेटीकडे नातींचे पुन्हा लक्ष गेले.

डिसेंबरातली अंगतपंगत

या मंडळांची बैठक साधारणपणे महिन्यातून एकदा, एखाद्या चर्चच्या किंवा वाचनालयाच्या दालनात भरते. डिसेंबरातली बैठक नाताळची म्हणून जरा थाटाची. प्रत्येकीने घरून एक पदार्थ करून आणायचा. आपली अंगतपंगतच म्हणा ना! मग भेटींची अदलाबदल. भेट कसली, तर कापडाच्या तुकड्याची. अठरा इंच बाय बावीस इंचांच्या या तुकड्याला त्या ‘फॅट क्वार्टर’ म्हणतात. हळदीकुंकवाला ब्लाउजपीस मिळाल्यावर आपण जसा त्याचा काठ निरखतो, तशाच त्याही निरखतात. त्यानंतर ज्यांची क्विल्ट पुरी झाली त्या एकेक जणी ती दोन्ही हातांनी उंच धरून सगळ्यांना दाखवतात, आणि टाळ्या होतात.

पण या बैठकीतली पाहण्यासारखी जागा म्हणजे कोपऱ्यातले टेबल. तिथे वर्षभरात परक्यांसाठी शिवलेल्या वस्तूंची चळत लागते आणि मोजदाद होते. त्यात असते तरी काय? अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचपेटीवर घालायची आच्छादने, बाळाच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना घरपोच जेवण जाते, त्या ताटाखाली घालायच्या कापडी चटया. आणि एक प्रकार तर पाहून मन हलते. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसांचे हात सारखे काहीतरी चाळवत असतात. त्यांच्यासाठी मांडीएवढी लहान गोधडी करतात आणि तिच्यावर बटणे, चेन, फिती, खिसा असे सारे शिवतात. बटण लावावे, काढावे, पुन्हा लावावे. तेवढाच जिवाला विरंगुळा.

नियमही कडक, बरे का! कापड मऊ आणि पुन्हापुन्हा धुता येईल असे हवे. गोधडी देण्यापूर्वी धुतलेली हवी. आणि आत चुकूनही टाचणी राहता कामा नये. ज्याला आपण कधी पाहणार नाही, त्याला टोचू नये म्हणून बोटांनी चाचपून पाहायचे!

वापरून संपलेल्या गोधड्या

ही रीत आजची नव्हे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा उत्तरेकडच्या बायकांनी जखमी सैनिकांसाठी क्विल्ट शिवल्या. सैनिकांची शुश्रूषा पाहणाऱ्या सॅनिटरी कमिशनने माप कळवले होते, सात फूट लांब आणि पन्नास इंच रुंद, लष्करी खाटेपुरते. अभ्यासकांच्या अंदाजाने अडीच लाखांच्या आसपास गोधड्या गेल्या. काहींवर शिवणारणींनी शाईने धीराचे चार शब्दही लिहिले. पहिल्या महायुद्धात, 1917 पासून, नवी तऱ्हा निघाली. थोडे पैसे द्यायचे आणि आपले नाव क्विल्टवर भरतकामात उमटवून घ्यायचे. जमलेली रक्कम रेडक्रॉसला. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांत घरे गमावलेल्या ब्रिटिश कुटुंबांना कॅनडातल्या बायकांनी शिवलेल्या क्विल्ट मिळाल्या.

1995 च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोलोरॅडोतल्या कॅरन लाउक्स या बाईंनी एका साप्ताहिकात कर्करोगाने आजारी असलेल्या एका चिमुरडीविषयी वाचले. कडक औषधोपचारांत त्या पोरीला तिच्या लाडक्या पांघरुणाचा मोठा आधार होता. बाईंनी ठरवले, की जवळच्या रुग्णालयातल्या मुलांना घरी केलेली पांघरुणे द्यायची. त्यातून ‘प्रोजेक्ट लायनस’ उभे राहिले आणि आजवर लाखो मुलांच्या हाती अशी पांघरुणे गेली आहेत. ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतला लायनस नावाचा मुलगा आपले पांघरूण सोडायला तयार नसतो, त्यावरून हे नाव.

यावर कुणी व्यवहारी माणूस म्हणेल, “एवढा खटाटोप कशाला? गिरणीतले ब्लँकेट स्वस्त पडते. तेवढे पैसेच पाठवावेत.” त्यात काही खोटे नाही. औषधे पैशानेच येतात. पण इस्पितळात खाटेवर पडलेल्या मुलाचा विचार करा. चादर इस्पितळाची, उशी इस्पितळाची, अंगातला झगादेखील इस्पितळाचा. त्याचे स्वतःचे असे तिथे काय असते? ही गोधडी मात्र परत द्यायची नसते. ती त्याच्याबरोबर घरी जाते. आपल्यासाठी कुणीतरी बसून टाके घातले, हे पोराला कुणी शब्दांत सांगावे लागत नाही.

आणि मिळते ते एकट्या त्यालाच असेही नाही. मुले दूर गेलेली, घर रिकामे, संध्याकाळ सरता सरत नाही, अशा कितीतरी जणींना त्या टेबलाभोवती हक्काची खुर्ची असते. हे आपल्याकडच्या आयांना समजावून सांगायला नको.

यादवी युद्धातल्या त्या अडीच लाखांपैकी आज फारच थोड्या गोधड्या उरल्या आहेत. संग्रहालयांत जपून राहिल्या त्या बऱ्याचशा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या, ठेवणीतल्या. ज्या सैनिकांना दिल्या त्या वापरून, धुऊन, विरून गेल्या. म्हणजे वाया गेल्या का? मला तर वाटते, कामी आल्या. विरून जावे यासाठीच तर त्या शिवल्या होत्या.

आपल्याकडे जुनेराची वाट ठरलेली असे. थोडे गोधडीला, उरलेले बोहारणीला. आता बोहारणीची हाक क्वचितच ऐकू येते, आणि कपाटे न नेसलेल्या साड्यांनी भरलेली. पुण्या-मुंबईच्या बिऱ्हाडात गोधडी पसरायला जागा नाही म्हणावी, तर इमारतीची गच्ची दुपारभर मोकळीच असते. चार शेजारणींनी चार कोपरे धरले तर तिथे बैठक बसायला कितीसा वेळ?

यंदा ट्रंक उघडाल, तेव्हा आजीची गोधडी उन्हात घाला आणि पुन्हा नीट घडी करून ठेवा. ती आपली आहे, आपलीच राहू द्या. पण जुन्या मऊ सुती साड्या निघतील, त्यांतल्या दोन बाजूला काढा. एक गोधडी अशी शिवा, की जिचा धनी तुम्हाला ठाऊक नाही. शेवटची गाठ मारली की एकदा हात फिरवून पाहा, आत टाचणी तर राहिली नाही ना.